तिला काही येत नाही, सांभाळून घ्या

चहा आधी ओता, मग सांगते. हा घोळ मी आजवर फक्त दोन माणसांना सांगितलाय. एक माझा नवरा, आणि तो ऐकता ऐकता झोपला, त्यामुळे तो धरायचाच नाही. दुसरी माझी बहीण, नागपूरला असते ती. ती अजून हसतेय. माझा फोन आला की हॅलोच्या आधी तिचं हसणंच ऐकू येतं.

मी इथे भोपाळात, एका विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. बावीस वर्षं झाली. आमचे आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथे आले, फायलींच्या गठ्ठ्यांसोबत. फायली परत गेल्या नाहीत, तसे तेही गेले नाहीत. त्यामुळे भाजीवाल्याशी मी हिंदीत भांडते आणि स्वप्नंसुद्धा अर्धी हिंदीत पडतात. पण वागण्याच्या काही रीती मात्र आमच्या घराने नागपूरहून बांधून आणल्या, त्या तशाच आहेत. त्यातली पहिली रीत म्हणजे आपल्या माणसाचं आपल्या तोंडाने कौतुक करायचं नाही.

आता हसू नका. तुमच्याही घरी हेच आहे.

बारावीला मी मेरिटमध्ये आले. शेजारच्या शुक्ला काकू विचारायला आल्या, "क्या रहा बिटिया का?" आई म्हणाली, "कसलं काय हो, झाली कशीबशी पास." शुक्ला काकू हळूच आत आल्या, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "दिल छोटा मत करो बेटा, सप्लीमेंट्री में सब हो जाता है." मी आईकडे पाहिलं. आई पोळ्या लाटत होती, आणि तिचा चेहरा अभिमानाने नुसता फुलला होता.

बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तर विचारूच नका. बहीण डॉक्टर. आई मुलाकडच्यांना हात जोडून म्हणाली, "पोरीला काही येत नाही हो, सांभाळून घ्या." मुलाची आई म्हणाली, "आमचा तरी कुठे धड आहे?" मुलगा इंजिनियर, सहा फूट उंच. दोघी एकमेकींकडे पाहून प्रसन्न हसल्या आणि लग्न ठरलं. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही.

या रीतीचा दुसरा भाग असा, की परक्याच्या मुलाचं कौतुक करताना हात आखडायचा नाही. शुक्ला काकूंचा मुलगा सलग दोनदा नापास झाला, तरी आई म्हणायची, "मुलगा काय हुशार आहे हो तुमचा, डोळ्यात दिसतं." एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

तर झालं काय, दोन वर्षांपूर्वी कुलगुरूंनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बोकारे मैडम, प्लेसमेंट सेल आप देखिए. आप तो सबसे बात कर लेती हैं." बडबडीला विद्यापीठात असा मान मिळतो हे मला तेव्हा कळलं.

प्लेसमेंट सेल म्हणजे कँटीनच्या मागची एक खोली. एक टेबल, एक फोन, एक कपाट, आणि भिंतीवर 'हमारे सितारे' असं लिहून लावलेले नोकरी लागलेल्या मुलांचे पाच फोटो. त्यातल्या एका सिताऱ्याने नोकरी सोडून आमच्याच फाटकासमोर दुधाचं पार्लर टाकलं होतं. आमच्या चहाला दूध त्याच्याकडूनच यायचं.

मी मात्र कंबर कसली. मुलांचे बायोडेटा स्वतः तपासले. आवडीच्या रकान्यात सगळ्यांनी 'संगीत ऐकणे' लिहिलं होतं, ते खोडलं. दर शनिवारी खोट्या मुलाखती घ्यायला लागले. आणि एम. पी. नगरात जाऊन ऑफिसांचे जिने चढायला लागले. तिथे प्रत्येक जिन्यात तीन कोचिंग क्लास आणि एखादं ऑफिस, त्यामुळे दोनदा मला चुकून स्पर्धा परीक्षेचा फॉर्मही मिळाला. वयाची अट बघून त्यांनीच परत घेतला.

अशाच एका जिन्यावर सक्सेना साहेब सापडले.

त्यांची कंपनी दवाखान्यातल्या मशिनी दुरुस्त करते. ईसीजी, मॉनिटर, असलं सगळं. साकेत नगरच्या बाजूला मोठ्या दवाखान्यांचं काम त्यांच्याकडे. सक्सेना साहेब सडपातळ, पन्नाशीचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि हातात एक काळी डायरी. माणूस इतका सरळ, की "कसे आहात?" असं विचारलं तर खरंच कसे आहेत ते सांगायचे, गुडघ्यापासून सुरुवात करून.

ते आमच्याकडे आले, लेखी परीक्षा घेतली, मुलाखती घेतल्या. जागा चार. निवडून ठेवली पाच मुलं. जाताना म्हणाले, "मैडम, नंबर तो सब के ठीक हैं. नंबर से आदमी नहीं पहचाना जाता. मैं आपको फोन करूँगा, आप एक-एक बच्चे के बारे में बताइएगा. आप जो बोलेंगी, मैं वही लिखूँगा."

मला काय आनंद झाला. पाचात माझी प्रणाली होती.

प्रणाली लोणारे. हिच्याबद्दल सांगायलाच हवं. तिचे वडील अयोध्या नगरजवळच्या मोठ्या कारखान्यात फिटर होते, नुकतेच निवृत्त झाले. कारखान्याचं क्वार्टर सुटलं, मग अयोध्या नगरातच दोन खोल्या घेतल्या. आई नाही. घरात ठरलं होतं की प्रणालीला जूनपर्यंत भोपाळात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर तिने बैतूलला काकांच्या कापडाच्या दुकानात बसायचं. काका चांगले होते, दुकानही चांगलं होतं. पण हातात सोल्डरिंग गन आली की जिचे डोळे चमकतात, तिने साड्यांच्या घड्या घालायच्या?

ही पोरगी काय होती सांगू? विभागाचा प्रोजेक्टर चार वर्षं बंद होता, तिने एका दुपारी चालू केला. लिफ्टचा आवाज ऐकून ती कुठला भाग खराब आहे ते सांगायची. माझ्या घरचा मिक्सर बिघडला तेव्हा मी, इलेक्ट्रॉनिक्सची प्राध्यापक, तो दुरुस्तीला तिच्याकडे दिला. वरवंट्याने चटणी वाटावी लागेल म्हणून नवरा घाबरला होता, त्याने तिला दुसऱ्या दिवशी स्वतः जेवायला बोलावलं.

मला मुलगी नाही. एवढं बोलून हा विषय सोडते.

आणि इतकं असून मी तिला काय म्हणायची? "ठीक आहे." राज्यपातळीच्या प्रोजेक्ट स्पर्धेत ती पहिली आली, बक्षीस आणि प्रोजेक्ट घेऊन धावत माझ्याकडे आली. मी प्रोजेक्ट उलटा करून पाहिला आणि म्हटलं, "बरंय. पुढच्या वेळी वायरिंग जरा नीट कर." मग बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसले. घरी गेल्यावर नवऱ्याला तो प्रोजेक्ट कागदावर काढून दाखवला, दोनदा.

सोमवारी सकाळी सक्सेना साहेबांचा फोन आला.

"हाँ मैडम, शुरू करें? अंशुल चौरसिया."

अंशुल दुसऱ्या विभागाचा. मी त्याला ओळखत होते ते एकाच गोष्टीने, की तो कधी दिसायचा नाही. त्याचे मास्तर म्हणायचे की परीक्षेला तो आला की त्याचं ओळखपत्र दोनदा बघावं लागतं. पण तो परक्याचा ना! मी एकदम सढळ झाले. "बहुत होनहार लड़का है साहब. क्या संस्कार, क्या समझदारी. चेहरे पर तेज है."

पलीकडे पेनाचा आवाज. "होनहार... तेज. ठीक. आगे?"

पुढची तीन मुलंही दुसऱ्या विभागांची. एकीला मी मेहनती म्हटलं, एकाला कंपनीचं भाग्य म्हटलं. तिसऱ्याचं नावसुद्धा मी पहिल्यांदाच ऐकत होते, त्याला म्हटलं, "उसके बारे में तो जितना कहूँ, कम है." ते तर खरंच होतं.

मग ते म्हणाले, "आखिरी. प्रणाली लोणारे."

तुम्हाला सांगते, मी खुर्चीत सावरून बसले. पदर नीट केला, फोनवर. छातीत असं भरून आलं. आणि मग माझ्या तोंडातून माझी आई बोलायला लागली.

"अरे साहब, उसका क्या बताऊँ. अपनी ही बच्ची है. कुछ आता-जाता नहीं उसको. बस, आप सँभाल लीजिएगा."

पलीकडे पेन थांबलं. "कुछ नहीं आता?"

"कुछ भी नहीं," मी म्हटलं, अगदी लाडाने.

"मशीन वगैरह?"

"खोल के बैठ जाती है. भगवान जाने क्या करती है."

"ठीक है मैडम. आपकी ईमानदारी की कद्र करता हूँ."

मी फोन ठेवला आणि कँटीनमध्ये जाऊन सगळ्यांना चहा सांगितला. एवढ्या जिव्हाळ्याने मी आजवर कुणाचीच शिफारस केली नव्हती. काम झालंच, असं मी धरून चालले होते.

गुरुवारी यादी आली. चार नावं. पहिलं अंशुल चौरसिया.

मी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. मेल पुन्हा उघडून पाहिला. मग चष्मा पुसून पाहिला. चष्म्याचा काय दोष?

दुपारी प्रणाली आली. हातात माझं मल्टिमीटर, व्होल्टेज मोजायचं ते यंत्र. दुसऱ्या वर्षापासून मी ते तिला वापरायला दिलं होतं. तिने ते स्वच्छ पुसून, वायरी गुंडाळून आणलं होतं.

"मॅडम, हे तुमचं. बैतूलला याचं काय काम."

"अगं थांब की. मी बोलते त्यांच्याशी. काहीतरी गडबड झालीय."

"गडबड कशाची मॅडम," ती म्हणाली. रडत वगैरे नव्हती, ते जास्त वाईट होतं. "मला तर पहिलेच मालूम होतं. तुम्ही कधी बोललाच नाहीत ना, की मला जमेल म्हणून. मी समजले होते."

"काय समजली होतीस?"

"हेच, की मी ठीक आहे. बस ठीक."

ती गेली. मी मल्टिमीटर हातात घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. चार वर्षं मी या पोरीवर जीव टाकला, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. मला खूप वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मला दुसऱ्या कुणाचा तरी राग येतो, ही माझी जुनी सवय. राग आला सक्सेना साहेबांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट एम. पी. नगर गाठलं. जिना चढताना वाक्यं तयार केली. केबिनमध्ये शिरले आणि बसायच्या आधीच सुरू झाले.

"सक्सेना जी, आपने हीरा छोड़ दिया. हीरा! उस अंशुल को ले लिया, जिसका चेहरा उसके अपने टीचर ने नहीं देखा, और मेरी प्रणाली को छोड़ दिया? यही पहचान है आपकी? टीचर की बात सुनते हैं आप?"

सक्सेना साहेबांनी शांतपणे मला पाणी दिलं. मग काळी डायरी काढली, पान शोधलं आणि चष्मा लावून वाचायला लागले.

"अंशुल चौरसिया. होनहार, संस्कारी, चेहरे पर तेज." त्यांनी वर पाहिलं. "ये आपने कहा था?"

"हाँ, पर..."

"प्रणाली लोणारे. कुछ आता-जाता नहीं. मशीन खोल के बैठ जाती है. भगवान जाने क्या करती है." डायरी मिटली. "ये भी आपने ही कहा था, मैडम. मैंने तो दो बार पूछा था."

माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, तेही सक्सेना साहेबांच्या त्या सरळसोट आवाजात ऐकलं, आणि मी हळूच खुर्चीत बसून एक घोट घेतला. प्रणालीची नोकरी कुणी घालवली हे शोधायला मी जिना चढून आले होते. ती बाई सापडली. खुर्चीत बसून पाणी पीत होती.

"साहब," मी म्हटलं, "वो... हमारे यहाँ ऐसे ही बोलते हैं."

"कैसे?"

"अपने बच्चे की तारीफ नहीं करते. बुराई करते हैं. प्यार से."

त्यांनी जरा विचार केला. हा माणूस खरंच विचार करायचा. "मतलब जितनी ज़्यादा बुराई, बच्चा उतना अच्छा?"

"हाँ. लेकिन सिर्फ अपना."

"और दूसरे का बच्चा?"

"उसकी तारीफ करते हैं."

"अच्छा हो, बुरा हो?"

"कैसा भी हो. शिष्टाचार है ना साहब."

खाली कुठल्यातरी क्लासमध्ये टक्केवारीची उदाहरणं शिकवत होते, ते ऐकू येत होतं. मग साहेब हळूच म्हणाले, "मैडम, अंशुल को मैं ऑफर लेटर दे चुका हूँ."

मी मान खाली घातली.

मग त्यांनी सांगितलं की चौघांतल्या एकाने सकाळीच नकार कळवलाय, त्याला एमबीएचं कोचिंग लावायचंय. म्हणजे तो, ज्याच्याबद्दल जितकं सांगावं तितकं कमी होतं तो. एक जागा रिकामी होती. पण उद्या ते दुसऱ्या कॉलेजात माणूस बघायला निघाले होते. त्यांनी डायरीचं कोरं पान उघडलं, पेन काढलं. "चलिए. प्रणाली के बारे में अब सच-सच बताइए. सीधा-सीधा. कैसी है?"

झालं. आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. फार चांगली आहे, इतकंच. बावीस वर्षं मी शिकवतेय, माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. पण ते वाक्य काही केल्या निघेना.

"ठीक है," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं, 'ठीक.'

"नहीं नहीं, मतलब, बुरी नहीं है."

त्यांनी तेही लिहिलं.

"काम... चला लेती है."

ते पेन खाली ठेवायला लागले. मी डोळे घट्ट मिटले आणि म्हटलं, "साहब, मुझसे तारीफ नहीं होती. पर मैं आपको मिक्सर की बात बताती हूँ." आणि मग मिक्सर सांगितला, प्रोजेक्टर सांगितला, लिफ्ट सांगितली. राज्याचं बक्षीस सांगितलं, आणि मी त्यावर काय म्हटलं तेही सांगितलं. मल्टिमीटर परत करताना ती काय म्हणाली ते सांगताना माझा आवाज फुटला, आणि मग मी सरळ रडले, एका परक्या माणसाच्या केबिनमध्ये, त्याच्या मशिनींच्या कॅटलॉगवर. ती फार गुणी आहे हो, असं काहीतरी मी मराठीत म्हणत होते. मराठीत, म्हणजे त्यांना कळणार नाही अशा बेताने.

सक्सेना साहेबांनी कॅटलॉग बाजूला सरकवला. "बुला लीजिए बच्ची को."

फोन लावला तेव्हा प्रणालीची बॅग भरून झाली होती. दुपारची गाडी होती. मी म्हटलं, "बैतूल राहू दे, एम. पी. नगरला ये. काही विचारू नको." पाऊण तासात बापलेक स्कूटरवरून आले. बॅग स्कूटरला तशीच बांधलेली.

लोणारे काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, निरोपाच्या वेळी घालायचा तो. ते केबिनच्या दारातच उभे राहिले. प्रणालीने टेबलावर उघडून पडलेलं ईसीजीचं मशीन पाहिलं, आणि ती आमच्याकडे बघायचीच विसरली. साहेबांनी तिला काहीबाही विचारलं, ती मशीनकडे बघूनच उत्तरं देत होती. साहेबांची मान हलत होती. सगळं छान चाललं होतं.

मग सक्सेना साहेबांनी सहज, दोन शब्द बोलावेत म्हणून, लोणारे काकांना विचारलं, "और भाई साहब, बिटिया कैसी है?"

मी काकांकडे डोळे वटारले, मान हलवली, हातानेही खुणावलं. काकांना वाटलं मी त्यांना धीर देतेय. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"क्या बताऊँ साहब," लोणारे काका म्हणाले, "लड़की को कुछ आता नहीं अपनी. सँभाल के लेना."

मी डोळे मिटून घेतले. प्रणालीने मान खाली घातली. बैतूलची गाडी अजून मिळाली असती.

सक्सेना साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकांकडे. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "आपकी ही बेटी है ना?"

"हाँ साहब. एक ही है."

"और बिल्कुल कुछ नहीं आता?"

"बिल्कुल नहीं साहब," काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बस," सक्सेना साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. "इससे बड़ी सिफारिश क्या होगी. सोमवार से आ जाओ, बेटा."

काकांना काहीच कळलं नाही. खाली उतरल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, साहेब थोडे असे आहेत का?" मी म्हटलं, "नाही हो, आता ते आपल्यातले झाले." आणि मग मी प्रणालीकडे वळले. ठरवलंच होतं, जीभ अडखळली तरी आज बोलायचं. पर्समध्ये घालून आणलेलं मल्टिमीटर तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "तू फार चांगली आहेस. मला नेहमीच वाटायचं. बोलले नाही, ती माझी चूक." ती इतकी दचकली की तिने विचारलं, "मॅडम, तब्येत ठीक आहे ना?"

हे झालं प्रणालीचं. आता ती साकेत नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात मशिनी बघते. 'हमारे सितारे'मध्ये तिचा फोटो मीच लावलाय.

अंशुलचं मात्र ऐका. दिवाळीत तो मिठाईचा डबा घेऊन माझ्या खोलीत आला. मी ओळखलंच नाही, ओळखणार कशी. म्हणाला, "मैडम, सक्सेना सर ने बताया आपने मेरे बारे में क्या कहा था. होनहार आज तक किसी ने नहीं बोला था मुझे. घर में भी नहीं." आता तो रोज वेळेवर जातो, एक दिवस चुकवत नाही, असं सक्सेना साहेबच सांगतात. एक खोटा शब्द मी परक्याच्या मुलाला दिला, तर तो खरा करायला मुलगा असा धडपडला. आणि माझ्या पोरीला मी खरा शब्द चार वर्षं दिला नाही. उचललेली बर्फी मी परत डब्यात ठेवली.

इथे संपलं असतं तर मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली असती, हसत हसत. पण अजून थोडं आहे.

वर्षाच्या शेवटी विद्यापीठाने सगळ्या कंपन्यांना एक फॉर्म पाठवला. तुमचा अनुभव कसा होता, वगैरे. शेवटचा प्रश्न, 'प्लेसमेंट अधिकारी के बारे में आपकी राय.' फॉर्म बंद पाकिटात थेट कुलगुरूंकडे.

आणि कुलगुरूंनी मला बोलावलं. टेबलावर एक फॉर्म होता. ते बिचारे फार संकोचले होते. "बोकारे मैडम, बैठिए. बुरा मत मानिएगा. मुझे तो विश्वास नहीं हुआ." त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

अक्षर मी लगेच ओळखलं. सक्सेना साहेबांनी लिहिलं होतं, 'बोकारे मैडम हमारी अपनी हैं. उन्हें कुछ आता-जाता नहीं. कृपया सँभाल लीजिएगा.'

मी ते तीनदा वाचलं. अहो, माझ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक कुणी केलेलं नाही. माझे डोळे भरून आले. तो सरळ माणूस आमची भाषा शिकला होता, आणि पहिल्यांदा वापरली ती माझ्यासाठी.

कुलगुरूंना वाटलं, मला पश्चात्ताप होतोय. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला. "देखिए, एकतरफा फैसला मैं नहीं करूँगा. आप खुद बताइए. इसमें जो लिखा है, क्या सच है?"

आता विचार करा. मला फक्त एवढं सांगायचं होतं की सर, ही माझी तारीफ आहे, मी काम चांगलं करते. स्वतःबद्दल, स्वतःच्या तोंडाने. मी तोंड उघडलं. आईची शपथ, मी खरंच प्रयत्न केला.

"जी सर," मी म्हटलं, "सच में, मुझे कुछ नहीं आता."

कुलगुरूंनी लगेच सही केली. पुढच्या सोमवारपासून पाच दिवस मी ट्रेनिंगला आहे. विषय आहे, विद्यार्थ्यांची शिफारस कशी करावी.